बॉनेटआबा

देवळ्यात कुणाच्याही गाडीचं बॉनेट वर गेलं, की त्याला टेकू लागायच्या आत आबा हजर असतात. विंचूर-प्रकाशा रस्त्यावर कांद्याच्या पिकअप बाजार समितीकडे निघालेल्या असोत, नाहीतर पाचकंदीलवर चहाची दुसरी फेरी चालू असो. उघड्या बॉनेटाचा सुगावा आबांना लागतोच. "काय व्हयनं?" एवढं ते विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. मालकानं तोंड उघडेपर्यंत निदान झालेलं असतं आणि बंडीच्या खिशातून दहा नंबरचा पाना बाहेर आलेला असतो.

आबांचं शिक्षण कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. राजदूतवर श्रीगणेशा, मेव्हण्याच्या प्रीमियर पद्मिनीवर पदवी. त्या काळी गाडी उभ्या उभ्या बंद पडायला लागली, की स्लो स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, कान देऊन इंजिन ऐकायचं आणि मालकाकडे 'झालं' अशा नजरेनं बघायचं. ही नजर आबांनी कमावलेली होती. मग 2000 सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, नव्या मोटारींतले कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आलं. 2020 च्या बीएस-6 नंतर मोटारसायकलींचीही तीच गत झाली. आबांना हे मान्य नाही. "स्क्रू असतोच. कंपनीवाले लपवतात."

नव्या गाड्यांसाठी त्यांच्याकडे एकच औषध आहे : बॅटरी काढून लावा. हॉर्न बसला, काच खाली येईना, डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला, बॅटरी काढून लावा.

मागे एका गुरुजींच्या कारवर हा प्रयोग झाला. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फूल आलं होतं. आबांनी बॅटरी काढली, गरम पाण्यानं टर्मिनल धुतली, पुसून कोरडी केली, बॅटरी बसवून वरून व्हॅसलिन चोपडलं. काम चोख. गुरुजींनी चावी फिरवली, गाडी चालू झाली. रेसवरचा पाय काढला, गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद.

माणसं जमली. एक म्हणाला, प्लग गेला. दुसरा म्हणाला, पेट्रोलात पाणी आहे. तिसऱ्यानं 'कचरा आला' म्हणून सांगितलं. कुठून आला ते सांगितलं नाही. एका व्यापाऱ्यानं तेवढ्यात गाडी विकायची आहे का, हेही विचारून घेतलं. आबा मात्र कमरेपर्यंत इंजिनात होते, स्क्रू शोधत.

शेवटी गॅरेजवरचा पोरगा आला. त्यानं हवेचा मोठा पाइप काढून आत बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट. "आबा, थ्रॉटलमध्ये काजळी साचलीय. वाट अरुंद झाली, म्हणून कॉम्प्युटर हळूहळू जास्त हवा सोडायला शिकला होता. तुम्ही बॅटरी काढली आणि त्याचं शिकलेलं पुसलं गेलं. आता तो कंपनीनं दिलेल्या आकड्यावर चालतोय. वाट घाण, हवा कमी, गाडी बंद. जुना तलाठी बदलून गेला म्हणा. नव्याकडे नुसता नकाशा आहे, बांध कुठं सरकला ते त्याला ठाऊक नाही."

ही उपमा जमलेल्या सगळ्यांना पटली.

पोरानं स्प्रे मारून थ्रॉटल पुसलं, पाइप बसवला, गाडी चालू केली. काटा वर-खाली झुलत राहिला, पण इंजिन तग धरून होतं. "काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. हिला नाही. एसी बंद, दिवे बंद, रेसला पाय नाही. दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. तिचं ती शिकेल."

देवळ्यातलं प्रत्येक काम आबांनी केलं असतं, हे सोडून. दुसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, "जरा रेस देऊन बघू?" तिसऱ्या मिनिटाला एसी लावून पाहिला. चौथ्या मिनिटाला त्यांनी खिडकीतून हात घालून दिवे लावले. पोरगा दर वेळी पहिल्यापासून दहा मिनिटं धरायचा. गुरुजींची शाळेची वेळ टळली. अखेर पोरानं रस्त्यापलीकडच्या आपल्याच पिकअपचं बॉनेट उगाच उघडून ठेवलं. आबा तिकडे गेले आणि इकडे काटा आठशेच्या आसपास मुकाट येऊन बसला. मग एसी लावून आणखी थोडा वेळ, तेही जमलं.

दुसऱ्या दिवशी पाचकंदीलवर आबा सांगत होते, "गुरुजींची गाडी? सगळे तिच्या अंगावर पडलेले. मी म्हटलं, लांब व्हा, दहा मिनिटं तिला हात लावू नका. झाली की नाही?"

तेव्हापासून बॅटरीचं औषध मागे पडलं आहे. आबा आता उघड्या बॉनेटासमोर हात पसरून उभे राहतात आणि कुणालाच जवळ फिरकू देत नाहीत. परवा एका ट्रॅक्टरचा पंक्चर झालेला टायर काढायला गॅरेजवरचा तोच पोरगा आला होता. आबांनी त्याला दहा मिनिटं थांबवलं.