वीस तासांचा केपी

“मी केपी झालो,” असं मी लेस्टरहून फोनवर सांगितलं तेव्हा सांगलीत बाबांचा आवाज एकदम चढला. “केपी? पीटरसनसारखा?” मग क्षणभर थांबून म्हणाले, “पण तुला तर बॅट धरता येत नाही.”

हे खरं आहे. ब्रिटिश सरकारलाही ते कुणीतरी आधीच कळवलं असावं. कारण विद्यार्थी व्हिसावर जी कामं करायला बंदी आहे, त्यांत व्यावसायिक खेळाडू आणि करमणूक करणारे कलाकार या दोघांचा नाव घेऊन उल्लेख आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी सलग तीन वर्षं झाड झालो होतो. तरीही हा मुलगा इंग्लंडमध्ये येऊन रंगमंच गाजवील अशी धास्ती लंडनमध्ये कुणालातरी वाटली, याचं मला आजही बरं वाटतं.

तर केपी म्हणजे किचन पोर्टर. हे ऐकल्यावर आईने फोन हातात घेतला. “पोर्टर म्हणजे हमाल ना रे? हमालीच करायची होती तर आपल्या मार्केट यार्डात हळदीची पोती काय कमी होती?” मी म्हणालो, “हमाली नाही गं. भांडी.” पलीकडे बराच वेळ शांतता. चोवीस वर्षांत ज्या मुलाने जेवलेलं ताट मोरीपर्यंत नेलं नाही, तो समुद्र ओलांडून लोकांची भांडी घासतो, हे तिच्या पचनी पडेना. शेवटी तिने एवढंच विचारलं, “घासणी तरी नीट देतात का?”

दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांत बातमी फिरली की मी ‘हॉटेल लाइनला, ऑपरेशन्समध्ये’ आहे. ही करामत बाबांची.

मी गेलो होतो डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस्सी करायला, 2023च्या सप्टेंबरात. त्याआधी 9,207 पौंड सलग 28 दिवस बँकेत न हलता पडून आहेत, हे दाखवावं लागलं. लंडनबाहेर राहणाऱ्याला महिन्याला 1,023 पौंड, असे नऊ महिने, हा तेव्हाचा हिशेब. त्या 28 दिवसांत बाबांच्या पीएफचे, आईच्या भिशीचे आणि आजीच्या मोडलेल्या पाटल्यांचे पैसे एका खात्यात गुण्यागोविंदाने नांदले. आमच्या घराण्यात इतके दिवस इतकं एकत्र कुणीच नांदलेलं नाही. पुढे भाडं, डिपॉझिट आणि एक जाडजूड कोट या वाटांनी ते पांगायला लागले, आणि मी काम शोधायला बाहेर पडलो.

लेस्टर हे आपल्या माणसाला अगदीच परकं वाटावं असं गाव नाही. 1972 साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, कृपया इकडे येऊ नका. लोक आलेच, आणि हजारोंनी आले. ज्याला जायचं नव्हतं त्यालाही गावाचं नाव पाठ झालं असणार. (पाटी लावण्याची कला सदाशिव पेठेनेच साधली आहे, हे यावरून पुन्हा सिद्ध होतं.) आज बेलग्रेव्ह रोडवर साडी, सोनं आणि फाफडा सगळं मिळतं. तिथल्याच एका दुकानात मला पहिल्यांदा काम देऊ केलं गेलं. मालककाका प्रेमळ होते. मी वीस तासांच्या मर्यादेचं सांगितलं तर म्हणाले, “अरे दीकरा, आपल्यात तास कोण मोजतंय?” मला आनंद झाला. मग कळलं की तास मोजायचे नव्हते म्हणूनच पैसेही मोजायचे नव्हते. रोखीत, किमान वेतनाच्या निम्मे. मी अर्धा किलो गाठिया घेऊन बाहेर पडलो.

हे वीस तास जरा समजून घ्या, कारण वर्षभर मी त्यांच्याच तालावर जगलो. माझ्या रेसिडन्स परमिटच्या कार्डावर ते छापलेलेच होते: सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. या आठवड्याला पंधरा केले म्हणून पुढच्याला पंचवीस, अशी उसनवारी नाही. एकवीस झाले की थेट व्हिसावर गदा. आईला मी सांगितलं, “होम ऑफिसने वीसच तास दिलेत.” ती म्हणाली, “होम ऑफिस आहे तर घरूनच का करत नाहीस?” यूकेचं गृहखातं काय आहे हे समजावण्यात माझं एक फोनकार्ड संपलं असतं, व्हॉट्सॲप होतं म्हणून वाचलो.

स्वतःचा धंदाही करता येत नाही. माझा नाशिकचा रूममेट पुरणपोळ्या उत्तम करायचा. गणपतीत त्याने चौदा पोळ्या केल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरची मुलं पैसे द्यायला तयार झाली. आम्ही नियम काढून वाचले. पोळी विकली की स्वयंरोजगार, आणि स्वयंरोजगार बंद. पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी, कायद्याचा मान राखून, चौदा पुरणपोळ्या खाल्ल्या.

नोकरी मिळाली ती एका जुन्या पबच्या स्वयंपाकघरात. त्यासाठी माझा दोन पानी सीव्ही रूममेटने अर्ध्या पानावर आणला. आधी इंजिनियरिंग उडवलं, मग अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट. ‘टीममध्ये काम करण्याची आवड’ तेवढी ठेवली. हेड शेफने तो अर्ध्या पानाचा सीव्हीसुद्धा वाचला नाही. माझ्या हातांकडे पाहिलं, सरकारी संकेतस्थळावरून काढलेला नऊ अक्षरांचा शेअर कोड तपासला आणि एक ॲप्रन फेकला. तासाला 10 पौंड 42 पेन्स, तेव्हाचं किमान वेतन.

भांडी घासण्यात इतकं शास्त्र असेल असं मला वाटलं नव्हतं. प्लेटा सोप्या. त्या रॅकमध्ये उभ्या करायच्या, वरून लोंबणाऱ्या फवाऱ्याने खरकटं उडवायचं, रॅक यंत्रात ढकलून झाकण ओढायचं. दोन मिनिटांत वाफाळत बाहेर. खरा शत्रू रविवारी येतो. रविवारी इंग्रज माणूस दुपारी रोस्ट खातो, आणि तो ज्या ट्रेमध्ये भाजतात त्याच्या तळाला जे काही चिकटून बसतं, त्याला यंत्र हातसुद्धा लावत नाही. तिथे मनुष्यबळ लागतं. शिवाय कापायचे रंगीत फळे: लाल कच्च्या मांसाचा, निळा माशाचा, हिरवा कोशिंबिरीचा, पिवळा शिजलेल्या मांसाचा. मी घरचा शाकाहारी. पहिल्या दिवशी लाल फळा मी दोन बोटांनी, नैवेद्याला शिवू नये तसा उचलला. शेफ म्हणाला, “चावणार नाही तो, मेलाय.”

‘खरकटं’ या शब्दाला इंग्रजीत शब्दच नाही, हा शोधही मला तिथेच लागला. उष्टं, खरकटं, शिळं, यांतला फरक मी एकदा एका पोलिश सहकाऱ्याला समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिन्ही एकाच बादलीत ओतलं.

आता तासांकडे वळतो. विद्यापीठाच्या ओपन डेला नवख्या पालकांना इमारती दाखवायचं चार तासांचं काम मी घेतलं होतं. ते तासही विसातच. म्हणजे त्या आठवड्यात पबला सोळाच. आणि नोकरीच्या फॉर्मवर ‘माझी आणखी एक नोकरी आहे’ या ओळीपुढे मी प्रामाणिकपणे खूण केली. पहिल्या पगारातला पाचवा हिस्सा गेला. पगारपत्रकावर कोड होता ‘बीआर’. म्हणजे बेसिक रेट, सगळ्या रकमेवर सरसकट वीस टक्के कर. रूममेट म्हणाला, बीआर म्हणजे ‘भांडी रगडणारा’. वास्तविक वर्षाला 12,570 पौंडांपर्यंत कर नसतो, आणि तेव्हाच्या किमान वेतनात वीस तासांच्या माणसाने बारा महिने रगडलं तरी तो आकडा गाठता येत नव्हता. हे करखात्याला पटवायला मला दोन महिने आणि एक अख्खी दुपार फोनवरचं संगीत ऐकावं लागलं. पैसे परत आले. दुपार आली नाही.

रविवारी रात्री माझी खरी परीक्षा असे. साडेनऊला माझे एकोणीस तास आणि पंचेचाळीस मिनिटं झालेली, सिंकमध्ये सहा ट्रे भिजत पडलेले, आणि शेफ म्हणतोय, “फक्त अजून एक तास, मेट.” माणूस भला होता. पण त्याच्या आणि माझ्यामध्ये अख्खं होम ऑफिस उभं. मी घड्याळ दाखवायचो. मग एकदा त्यानेच विचारलं, “तुझा नवा आठवडा कधी सुरू होतो?” म्हटलं, मध्यरात्री, सोमवार लागला की. तो म्हणाला, “मग बारा वाजता ये.” घरी पंचांगात मुहूर्त बघून आई पापड लाटायला घ्यायची, तसे आम्ही दोघे बारा वाजायची वाट बघत मागच्या दाराशी बसलो. तो सिगारेट ओढत होता, मी असाइनमेंट वाचत होतो. बारा वाजून एक मिनिटाने मी ट्रेला हात लावला.

ऑक्टोबरातला शेवटचा रविवार तर लक्षात राहिला. 29 तारीख. त्या पहाटे इंग्लंडात घड्याळं तासभर मागे घेतात. आदल्या रात्री कोजागिरी होती आणि वर चंद्रग्रहण. आईने फोनवर बजावलं होतं की ग्रहणात दूध आटवू नकोस. आम्ही आटवलं, ग्रहण सुटल्यावर प्यालो, आणि जागरणासाठी ब्रिटिश सरकारने एक तास जादा दिला म्हणून आभार मानले. त्या रविवारी दिवस पंचवीस तासांचा होता. माझे मात्र वीसच.

नाताळच्या सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं. तेव्हा मी आठवड्याला पंचेचाळीस तास टर्कीचे ट्रे घासले आणि आयुष्यात प्रथमच आंघोळीआधी झोपलो. उन्हाळ्यातही तसंच करीन म्हटलं, तर कळलं की पदवीच्या पोरांना उन्हाळ्याची सुट्टी असते. एमएस्सीवाल्याचा उन्हाळा प्रबंधात जातो आणि तो सत्रातच धरतात.

एप्रिलमध्ये किमान वेतन वाढून 11 पौंड 44 पेन्स झालं. मी आनंदाने व्हिडिओ कॉल केला. आई म्हणाली, “रुपयांत सांग.” त्या आठवड्यात पौंड 105च्या आसपास होता. “तासाला बाराशे,” मी म्हणालो.

आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी तेव्हा मागे मोरीवर होत्या. त्यांनी नळ बंद केला.

मावशी आमच्याकडे मी बालवाडीत असल्यापासून येतात. दोन वेळा, बारा महिने. त्यांनी खाडा केला की आईचं डोकं दुखतं. त्यांचा भांड्यांचा पगार महिन्याला बाराशे रुपये होता. हे मला माहीत होतं, पण तोवर कधी आठवलं नव्हतं.

“दाव की बाळा, कशी घासतोस,” त्या फोनसमोर येऊन म्हणाल्या. मी पबमधला फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. “आरं, कडा राहिल्यात. आन् हे असलं करपल्यालं आदी भिजत घालायचं.” मग सहज विचारलं, “सुट्टी किती देत्यात?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण डेटा ॲनालिटिक्सचा विद्यार्थी. मी सांगून टाकलं की तिथे भांडी घासणाऱ्यालाही कायद्याने वर्षाला 5.6 आठवड्यांची भरपगारी सुट्टी असते, आणि अर्धवेळवाल्याला त्याच्या तासांच्या हिशेबाने.

“भरपगारी,” मावशी म्हणाल्या. एवढंच. आणि पुन्हा नळ सोडला.

आई आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. “बाराशे पुरत नाहीत हे मलाही कळतं,” ती एकदा म्हणाली, “पण ते तुझ्या तोंडून, व्हिडिओवर कळायला नको होतं.” बाबा म्हणाले की तिकडचं इकडे लागू होत नाही. त्यावर आईने त्यांना विचारलं, तुम्ही शेवटचं भांडं कधी घासलंत? बाबांना ऑपरेशन्समधला तपशील आठवेना.

5.6 आठवडे काही झाले नाहीत. महिन्याला अठराशे झाले, दोन खाडे भरपगारी, आणि आषाढीला वारीचे चार दिवस. 17 जुलैला एकादशी होती. मावशी 15ला पंढरपूरला गेल्या. 16 तारखेला मी पबमधून थकून खोलीवर आलो तर बाबांचा मेसेज पडला होता. कढईचा फोटो, तळाला काळं, खाली एक ओळ: “हे निघत नाही. काय करायचं?”

मी लिहिलं, आधी भिजत घाला.