बिनलढाईचे फील्ड मार्शल

सोसायटीचे सेक्रेटरी असताना काकांना गच्चीवरची टाकी कधी वेळेवर भरून घेता आली नाही. पण 1941 साली हिवाळ्याआधी मॉस्को कसं घ्यायला हवं होतं, ते त्यांना विचारा. "सरळ मॉस्को गाठायचं सोडून किएव्हकडे वळायचं काय अडलं होतं?" हे ते अशा आवाजात विचारतात, की वळण्याचा हुकूम समोरच्यानेच सोडला असावा आणि वर त्याचा मेंटेनन्सही थकलेला असावा. तो हुकूम खुद्द हिटलरचा होता, मॉस्कोचा आग्रह धरणाऱ्या सेनापतींना डावलून दिलेला, असं कुणी म्हणालंच तर काका खेदाने मान हलवतात. "बिचाऱ्याच्या कानावर खरं काही जाऊच देत नव्हते. खालचे लोक बदमाश." मोठ्यांची पापं खालच्यांच्या खात्यावर टाकायची आपल्याला सवय आहेच. त्यामुळे ऐकणाऱ्याला हे पटतंही.

हे फील्ड मार्शल पुण्यात आढळतात तसे नाशकात, डोंबिवलीत आणि इंदुरातही आढळतात. वय साठीच्या पुढे, पेन्शन वेळेवर, गुडघे नरम. बंदूक आयुष्यात धरली ती जत्रेतले फुगे फोडायला. कपाटात हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर, फूटपाथवर घासाघीस करून आणलेलं. खुणेची चिठ्ठी पहिल्या काही पानांपुढे सरकलेली नाही. त्या पुस्तकातून त्यांनी एकच सार काढलंय, शिस्त. "देशाला शिस्त लावायला असाच माणूस पाहिजे," हे वाक्य मी त्यांच्या मागे बसून लक्ष्मी रोडवर ऐकलंय. काका तेव्हा स्कूटर उलट्या दिशेने घालत होते.

"आणि रस्ते? ऑटोबान कुणी बांधले?" कोलोन ते बॉन हा तसला रस्ता ऑगस्ट 1932 मध्ये खुला झाला, कोलोनचे तेव्हाचे महापौर कोनराड आडेनावर यांच्या हस्ते. हिटलर सत्तेवर आला जानेवारी 1933 मध्ये. या तारखांनी काका जराही विचलित होत नाहीत. "फीत काय, कुणीही कापतो."

पूर्वी काकांचं युद्ध फॅमिली ग्रूपवर चालायचं. भाचीच्या केळवणाच्या फोटोंखाली त्यांनी स्टालिनग्राडच्या वेढ्याचा नकाशा टाकला, तेव्हा धाकट्या वहिनींनी त्यांना ग्रूपबाहेर काढलं. फेसबुकने दोनदा तंबी देऊन खातं गोठवलं. मग कुणीतरी पाठवलेल्या लिंकवरून ते गॅबवर पोहोचले. 2016 साली अमेरिकेत निघालेलं हे संकेतस्थळ. बाकीच्यांनी हाकललेल्यांना तिथे आसरा मिळतो. "इथे खरं बोलता येतं," काका म्हणाले. नाव घेतलं वुल्फ, फोटो लांडग्याचा, आणि पुढे 88. एच हे इंग्रजीतलं आठवं अक्षर, दोन एच म्हणजे 'हाइल हिटलर', ही तिथली खूण. काकांनी ती इतरांची पाहून लावली. काकूंना वाटलं, ह्यांनी वय वाढवून सांगितलंय.

रात्री अकरानंतर मोहीम सुरू होते. गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची, चष्मा कपाळावर, फोन नाकाला लागेल इतका जवळ. एकाच बोटाने टाइप करायचं, भाषांतराच्या अ‍ॅपमधून इंग्रजी करून घ्यायचं आणि पाठवल्यावर "आता बोल म्हणावं" असं कुंडीतल्या तुळशीला सांगायचं. मुद्दे ठरलेले असतात आणि क्रमही. आधी, ज्यूंचं हत्याकांड झालंच नाही. मग, झालं पण आकडा फुगवलाय. मग, युद्धात सगळेच मारतात. आणि शेवटी, त्यांनीही काहीतरी केलंच असेल ना. जे झालंच नाही, त्याचं कारणही काकांकडे तयार असतं.

त्यांचे आवडते इतिहासकार डेव्हिड आयर्विंग. हत्याकांड नाकारणारा, असं लिहिलं म्हणून या गृहस्थांनी लेखिका डेबोरा लिपस्टॅट आणि प्रकाशक पेंग्विन यांच्यावर लंडनमध्ये दावा ठोकला. इंग्लंडातल्या कायद्यानुसार आपलं लिहिणं खरं आहे, हे प्रतिवादीलाच सिद्ध करावं लागतं. इतिहासकार रिचर्ड इव्हान्स आणि त्यांच्या साहाय्यकांनी आयर्विंगच्या तळटीपा मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. एप्रिल 2000 मध्ये न्यायमूर्ती ग्रे यांनी निकाल दिला, की आयर्विंग यांनी पुरावे जाणूनबुजून मोडूनतोडून मांडले. काकांचं यावर एका ओळीचं अपील आहे. "जज्ज मॅनेज झाला असणार."

अगदीच कोंडी झाली की ते बंगाल काढतात. 1943 च्या दुष्काळात तीसेक लाख माणसं गेली, आणि चर्चिलच्या सरकारला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण मी ताळा करून पाहिलाय. आउश्वित्झचं नाव निघाल्याखेरीज काकांना बंगालचा उमाळा येत नाही. एरवी ते भुकेलेले लोक तिकडेच पडून असतात.

ज्यू म्हणजे काय, हे काकांना गॅबवरच्या ओहायोच्या एका माणसाकडून कळलं. तसा त्यांचा जन्म रायगड जिल्ह्यातला. तिथे बेने इस्रायली ज्यू पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत असत. शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी त्यांची आडनावं, घरात बोली मराठी. पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळावरून काका बिस्किटं आणायला जातात, ते 1860 च्या दशकात डेव्हिड ससून यांनी बांधलेलं सिनेगॉग आहे. आकाशवाणीची सकाळची संकेतधून लागली की काकांना आईची आठवण येऊन डोळे भरतात. ती धून वाल्टर कॉफमन यांची म्हणून ओळखली जाते. नाझींचं सावट वाढत असताना 1934 साली प्रागहून मुंबईला आलेले हे ज्यू संगीतकार. हे सांगितल्यावर काका क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "काही चांगलेही असतात."

हसून सोडून द्यावं असं हे सगळं असतं तर बरं होतं. 27 ऑक्टोबर 2018 ला पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शिरून एकाने अकरा जणांना ठार केलं. निघण्याआधी त्याने याच गॅबवर तसं लिहिलं होतं. काका म्हणतात, तो वेडा होता. असेल. पण तो जे वाचत होता ते लिहिणारे रोज रात्री शहाण्यासारखे जेवून बसत होते. त्यांना लाइक देणारं एक बोट आमच्या गॅलरीतही आहे.

डिसेंबर 2024 मध्ये काकांवर प्रसंग आला. एच-वन-बी व्हिसावरून अमेरिकेतल्या उजव्या गोटातच जुंपली, आणि भारतीयांना शिव्यांचा पाऊस सुरू झाला. ओहायोच्या मित्राने लिहिलं, या सगळ्यांना विमानात घालून परत पाठवा. सवयीने काकांनी आधी अंगठा दाखवला. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपली लेक न्यू जर्सीत त्याच व्हिसावर आहे. घाईघाईने त्यांनी लिहिलं, मित्रा, आम्ही तसले नव्हेत, आम्ही मूळचे आर्य. पलीकडून हसून लोळणाऱ्या सात बाहुल्या आल्या आणि खाली दोन शब्द. त्यांचं भाषांतर काकांनी मला दाखवलं नाही.

चिठ्ठी पुढे सरकली असती तर हा धक्का बसता ना. त्याच आत्मचरित्रात हिटलरने लिहून ठेवलंय, की हिंदुस्थान दुसऱ्या कुणाकडे जाण्यापेक्षा इंग्रजांच्या ताब्यात असलेला बरा. 1937 साली भेटायला आलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्सना त्याने सल्ला दिला, की गांधींना गोळी घाला, तेवढ्याने भागलं नाही तर काँग्रेसच्या पुढाऱ्यांनाही घाला. सुभाषबाबू त्याला मे 1942 मध्ये भेटले. स्वतंत्र हिंदुस्थानला पाठिंब्याची घोषणा काही त्यांना मिळाली नाही.

त्या युद्धात मराठी माणसं होती, ती समोरच्या बाजूला. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत जर्मन मशीनगनवर एकटे धावून गेले. तुकडीतले बाकीचे सगळे मेले तरी होते किंवा जखमी. गन बंद पाडून ते तिथेच पडले, वय 22. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीच्या बांधावर चढले आणि मराठ्यांची रणगर्जना करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांचा पुतळा माणगावात आहे. काका दर गणपतीला गावी जाताना तिथे चहाला थांबतात आणि ड्रायव्हरला रोमेलचे डावपेच समजावून सांगतात.

ओहायोशी काडीमोड झाल्यावर काकांनी टेलिग्रामवर स्वतःचं चॅनल काढलंय. "तिथल्या लोकांचा अभ्यास कमी पडतो." चॅनलला तीन सदस्य आहेत. काका, काकांचा जुना फोन, आणि काकू. हे जेवायला कधी येणार ते कळावं म्हणून काकू आत शिरल्या.

परवा जर्मनी जिंकली असती तर जगाचं कसं सोनं झालं असतं, हे काका पानावर बसून सांगत होते. काकूंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "अहो, पण आपला हा रंग बघून आपल्याला कुठल्या रांगेत उभं केलं असतं हो त्यांनी?"

काकांनी भात कालवला. "रांगेत कशाला? आपली ओळख असती ना."