उतरू का?

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात बायकोनं मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न दोन शब्दांचा आहे : "उतरू का?" घरात तो कधी येत नाही. मोटारसायकलवर मी पुढं, ती मागं, रस्ता चढाचा आणि पुढच्या मोटारीचे लाल दिवे लागलेले, एवढा योग जुळला की येतो. त्यात टोमणा नसतो, भीतीही नसते. पंगतीत आमटीचं भांडं घेऊन "वाढू का?" म्हणावं तितक्या सहज ती विचारते, आणि पंगतीतल्यासारखंच मी घाईघाईनं "नको, नको" म्हणतो. पंगतीत पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

साताऱ्यात राहून चढ टाळता येत नाही. पोवई नाक्यावरून राजवाडा, राजवाड्यावरून समर्थ मंदिर, जाल तिकडं रस्ता नाक वर करूनच. त्यात मी मोटारसायकल शिकलो ती वडिलांच्या येझदीवर. जुन्या लोकांना आठवत असेल, या गाडीला किक आणि गिअर मिळून एकच दांडी असायची. वर उचलून उभी केली की किक, खाली पाडली की गिअर. सपाटीवर हे मोठं कौतुकाचं. चढावर थांबलं की मात्र डावा पाय जमिनीवर आणि उजवा मागच्या ब्रेकवर. अशात इंजिन बंद पाडलं (गाडी आपणहून बंद पडत नसे, मी पाडत असे) तर किक मारायची डाव्या पायानं. मग जमिनीवर कोणता पाय ठेवायचा? आणि उजवा जमिनीवर ठेवला तर ब्रेक कोण दाबणार? पुढचा ब्रेक उजव्या हाताशी असतो हे अशा वेळी आठवावं लागतं, आणि नेमकं अशा वेळी काहीच आठवत नाही. समर्थ मंदिराच्या चढावर मी एकदा बराच वेळ तिसऱ्या पायाचा विचार करत उभा होतो.

वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, सल्ला एकच, "क्लच हळू सोड." हा सल्ला मला पुढं मामानं दिला, शेजाऱ्यांनी दिला, पेट्रोल पंपावरच्या एका अनोळखी गृहस्थांनीही दिला. हळू म्हणजे किती हळू, हे महाराष्ट्रात कुणी कुणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. फार हळू सोडला की क्लच प्लेटा करपल्याचा वास येतो. जरा लवकर सोडला की गाडी एक उडी मारून गप्प होते. आणि क्लचच्या नादात ब्रेक आधी सुटला की आपण मागे, मागे, मागच्या रिक्षाच्या दिशेनं.

लायसन्सच्या परीक्षेत हे सगळं उघडं पडणार म्हणून मी धास्तावलो होतो. भीती निराधार नव्हती. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यात परीक्षेला बसणाऱ्यानं काय काय करून दाखवायचं त्याची यादी आहे, आणि उभ्या चढावर गाडी थांबवून, अजिबात मागे न घसरता पुन्हा चालू करणं, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात माझी परीक्षा परातीसारख्या सपाट मैदानावर झाली. तिथं चुन्यानं आखलेला इंग्रजी आठ होता. मी आठ काढला. साहेबांनी मान वर न करता सही केली. आयुष्यात त्यानंतर रस्त्यावर मला आठ काढायची वेळ एकदाही आलेली नाही. चढावर थांबायची वेळ रोज येते.

यात नक्की अवघड काय आहे, याचा मी एकदा हिशेब मांडून पाहिला. गाडी, मी आणि सौ. मिळून अडीचशे किलो धरू. (यातला कुणाचा वाटा किती, ते विचारू नये.) शंभर मीटरला दहा मीटर चढणारा रस्ता असेल तर गाडीला मागे खेचणारा जोर पंचवीस किलोंच्या वजनाइतका भरतो. म्हणजे धान्याचं अर्धं पोतं मागं बांधलेलं आहे आणि ते सतत उताराकडं ओढतंय. थांबलेल्या गाडीत हे पोतं ब्रेकनं धरलेलं असतं. निघताना ते इंजिनाच्या हातात द्यायचं असतं. एकानं सोडलं आणि दुसऱ्यानं अजून धरलं नाही, असा क्षण मध्ये आला की पोतं पडलं! माळ्यावरून डबा खाली देताना वरचा विचारतो ना, "धरलास का?" आणि खालचा "हां" म्हणाल्याशिवाय सोडत नाही, तसंच हे. फक्त इथं वरचा मी, खालचं इंजिन, आणि इंजिन "हां" कसं म्हणतं ते मला माहीत नव्हतं.

ते सांगितलं आमच्या मिस्त्रींनी. एकाच वर्षात दुसऱ्यांदा क्लच प्लेटा बदलायला गेलो तेव्हा. त्यांनी जुन्या प्लेटा तेलातून काढून माझ्यासमोर पत्त्यांसारख्या मांडल्या. एक साधी पोलादाची चकती, एक अस्तराची, परत पोलादाची, परत अस्तराची. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात तोवर इंजिनाचा जोर चाकाला पोचतो. क्लच दाबला की चकत्या सुट्या होतात आणि नुसत्या घसरत फिरतात. या दोहोंच्या मधली जी अवस्था, थोडं घसरायचं थोडं धरायचं, तो हाफ क्लच. माझ्या प्लेटा काळ्या पडल्या होत्या, कारण मी सिग्नलला ब्रेक न लावता हाफ क्लचवरच गाडी झुलवत उभा राहायचो आणि त्याला कौशल्य समजायचो.

"सायेब," मिस्त्री म्हणाले, "हाताकडं बघू नका, कानानं ऐका. पैला गिअर, उजवा पाय ब्रेकवर, रेस जरा दिली का आवाज चढतोय. मग क्लच सोडत यायचं. एका जागी आवाज बसतो. बसला की समजायचं, धरलं. तितं हात थांबवायचा, रेस चिमूटभर वाढवायची आन् मगच पाय उचलायचा. आदी नाय."

आवाज बसतो! गाणाऱ्याचा बसतो तसा नव्हे. भरधाव बोलणारा माणूस वडील माणूस समोर आल्यावर जसा आवाज खाली आणतो, तसा. चाळीस रुपयांत मिळालेल्या या शिकवणीइतकी स्वस्त शिकवणी मी दुसरी घेतलेली नाही. प्लेटांचे पैसे वेगळे.

सरावासाठी मी अजिंक्यताऱ्याचा रस्ता निवडला, पहाटेचा, म्हणजे कुणी बघणार नाही. पण पहाटे सहाला अजिंक्यताऱ्यावर अख्खा सातारा फिरायला येतो. मी मुद्दाम चढावर थांबायचो, निघायचो, दहा फुटांवर पुन्हा थांबायचो. प्रत्येक थांब्याला एक मफलर जवळ येई. "बंद पडली का?" "पेट्रोल आहे का बघा." "प्लग साफ करा." सराव करतोय म्हणालो तर पटेना. एका आजोबांनी तर न विचारता मागच्या चाकाला दगड लावला आणि कानटोपी सारखी करत निघून गेले. मी मोठ्या ऐटीत आवाज बसवला, पाय उचलला, निघालो आणि मागे वळून दगड बाजूला करायला परत आलो. घाटातले ट्रकवाले हेच करत नाहीत म्हणून सांगतो. क्लीनर उडी मारून चाकामागं धोंडा लावतो, ट्रक निघून जातो, आणि धोंडा रस्त्याच्या मधोमध पुढच्या मोटारसायकलवाल्याची वाट बघत बसतो.

मोटारसायकलला क्लीनर नसतो. "उतरू का?" या प्रश्नाचा उगम मला तिथंच सापडला.

मध्यंतरी एका मित्राची जुनी बुलेट दोन दिवस वापरली. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. मी ब्रेक म्हणून जे दाबलं तो गिअर होता. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही. मुलीच्या स्कूटरला तर गिअर नाही आणि क्लचची मूठही नाही. रेस वाढली की आतला क्लच आपला आपण पकडतो. हाताचा ब्रेक धरायचा, रेस द्यायची, ब्रेक सोडायचा. "बाबा, यात अवघड काय असतं?" ती खरंच कुतूहलानं विचारते. महागड्या गाड्यांत आता चढावर ब्रेक धरून ठेवायची सोयही आली आहे म्हणतात. चांगलं आहे. नळ नसताना पाणी शेंदणाऱ्यांनी नळाला नावं ठेवू नयेत.

तर, गेल्या सप्टेंबरातला रविवार. आम्ही कासला निघालो होतो. 2012 साली पश्चिम घाट युनेस्कोच्या यादीत गेला, त्यात कासचं पठारही गेलं, आणि तेव्हापासून फुलांच्या दिवसांत यवतेश्वराच्या घाटात सुट्टीच्या दिवशी जी रांग लागते ती बघून तिथल्या 'सीतेची आसवं' या फुलाच्या नावाचा अर्थ कळतो. भुरभुर पाऊस, पुढं एक बस, मागं एमएच बाराची मोठी मोटार. रांग थांबली. आम्ही एका वळणाच्या ऐन तोंडावर, जिथं घाट सगळ्यात उभा आहे. मागची मोटार आमच्या नंबरप्लेटीपासून वीतभरावर येऊन टेकली.

"उतरू का?"

"नको, नको."

बस हलली. मी पहिला गिअर टाकला, रेस दिली, क्लच सोडत आलो आणि कान लावला. काही ऐकू येईना. मागच्या मोटारीत गाणी इतक्या जोरात लागली होती की काचा बंद असून ठोके आमच्या बरगड्यांत बसत होते. वर तिचा हॉर्न. बसचं इंजिन वेगळंच. आवाज बसला की नाही बसला, बसला असेल तर कुणाचा बसला, काही कळेना. माझी अख्खी विद्या कानात होती, आणि कान बंद. उजवा पाय ब्रेकवरून उचलावा तर मागे वीतभर जागा. हात घामानं ओला झाला. हॉर्न पुन्हा.

"अहो, सोडा आता," मागून आवाज आला.

"काय?"

"ब्रेक सोडा. धरलंय तिनं."

मी सोडला. गाडी तसूभरही मागे न जाता लोण्यातून सुरी जावी तशी पुढं निघाली. वळण पार झालं तरी मी गप्प होतो. शेवटी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "सीटची थरथर बदलते ना. इतकी वर्षं बसतेय मागं." गाडीचं हँडल तिनं आजवर हातात धरलेलं नाही. क्लच उजवीकडं की डावीकडं हेही सांगता येणार नाही. आणि मी प्लेटांवर पैसे घालवून कानानं शिकलो ते तिला बसल्या जागी येत होतं. मग ती "उतरू का" का विचारायची, असं मी तिला विचारलं नाही. उत्तर मला सोसवलं नसतं.

पठारापर्यंत आम्ही अकरा वेळा थांबलो. अकराही वेळा ती मागून "सोडा" म्हणाली आणि अकराही वेळा बरोबर होती. फुलं बघितली, सोनकी होती, तेरडा होता, पावसानं मान टाकलेला. परतीचा घाट सगळा उताराचा.

तुम्ही घाटात कधी आमच्या मागं आलात तर एक गाडीभर अंतर ठेवा आणि गाणी जरा हळू लावा. मिस्त्रींना मी सीटच्या थरथरीचं अजून सांगितलेलं नाही.