मुरगावमार्गे कॅरिबियन

पनवेलकराचा आणि पाण्याचा संबंध फार जुना असला, तरी तो प्रेमाचा होता असे म्हणावयास इतिहासात फारसा आधार सापडत नाही. ज्या काळी मुंबईहून पुण्यास निघालेला साहेब, त्याची मड्डम, त्यांचे पेटारे आणि ते पेटारे वाहणारी माणसे असा सारा लवाजमा शिडाच्या होडीने पनवेल बंदरी उतरत असे आणि घोडी-पालख्यांचा बंदोबस्त करून बोरघाटाकडे कूच करीत असे, त्या काळीसुद्धा अस्सल पनवेलकराचे चित्त सागराच्या अथांगतेत नसून भरतीच्या वेळेत गुंतलेले असे. कारण भरती हुकली की होडी खाडीच्या चिखलात रुतून बसे आणि पुढल्या भरतीपर्यंत उतारूंना एकमेकांची तोंडे व बाहेर आलेले खेकडे यांखेरीज पाहण्यासारखे काही उरत नसे. 1852 साली नगरपालिका पदरात पाडून घेतलेल्या या धोरणी गावाने पुढे जे जे उपक्रम केले, अथवा आपल्यावर होऊ दिले, ते सर्व पाण्यापासून सुटका करून घेण्याचेच होते. दिव्याकडून रेल्वे आली. 1973 साली वाशीला खाडीवर पूल झाला. 2024 च्या जानेवारीत शिवडीहून निघून न्हाव्याच्या अंगाला उतरणारा 21.8 किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. आणि आता तर उलव्याची टेकडी भुईसपाट करून व नदीला नवा मार्ग नेमून देऊन उभारलेल्या विमानतळामुळे आमच्या गच्च्यांवरच्या आकाशालाही वहिवाट प्राप्त झाली आहे. इतक्या पिढ्यांच्या खटाटोपाने कोरड्या झालेल्या गावातील चार निवृत्त गृहस्थांनी, ज्या धक्क्यावरून निघायचे त्याच धक्क्यावर परत यायचे अशा जलप्रवासासाठी पदरचा पैसा खर्च करावा, हा पूर्वजांच्या कर्तबगारीचा उघड उपमर्द होता. परंतु तो आम्ही केला.

त्याचे मूळ क्रिकेटात आहे. वडाळे तलावाच्या काठी सायंकाळी जमणाऱ्या आमच्या चौकडीत तालुका कचेरीतून निवृत्त झालेले एक अव्वल कारकून, भातगिरणीचे एक शेठ, एक वैद्य आणि मी मास्तर असे चार इसम असून, व्यवसाय, प्रकृती आणि पगडीची किंमत या सर्वच बाबतींत आम्ही परस्परांहून भिन्न असलो, तरी 1971 साली आम्ही चौघेही शाळेत होतो, ही एक गोष्ट आम्हांस बांधून ठेवण्यास पुरेशी आहे. त्या वर्षी अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजचा पराभव केला, दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनला 212 धावा काढल्या, आणि सुनील गावसकर नावाच्या नवख्या पोराने पहिल्याच मालिकेत 774 धावांची रास घातली. तेव्हापासून जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद ही स्थळे आमच्या मनात नकाशावर नव्हे, तर धावफलकावर वसली, आणि तेथील रहिवासी फलंदाजी व गोलंदाजी यांव्यतिरिक्त अन्य काही उद्योग करीत असतील अशी शंका आम्हांस पन्नास वर्षांत शिवली नाही. म्हणूनच शेठजींच्या न्यू जर्सीतल्या पुतण्याने आपल्या कॅरिबियन सफरीची छायाचित्रे पाठवली, तेव्हा ते निळे पाणी आणि ती पांढरी वाळू बारकाईने न्याहाळून शेठजी प्रथम काय म्हणाले असतील, तर, "मास्तर, यात खेळपट्टी कुठेच दिसत नाही."

परंतु ठिणगी पडली होती. दुसऱ्याच दिवशी अव्वल कारकुनांनी दोन-दोरी फायलीवर ठसठशीत अक्षरात 'कॅरिबियन सफर' असा मथळा घातला, निधीची वर्गणी ठरवली, इतिवृत्ताची वही सुरू केली आणि चौकशीचे काम हाती घेतले. सरकारी नोकरीत एखादे काम न होण्यास किती कारणे असू शकतात, याचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, त्यांच्या हाती चौकशी सोपवणे कितपत शहाणपणाचे होते हे मी सांगत नाही. त्यांनी पहिल्याच सभेत निवेदन केले की, 2024 साली समुद्रात उतरलेली 'आयकॉन ऑफ द सीज' ही आगबोट 365 मीटर लांब व वीस मजली असून तिच्यावर साडेसात हजारांपर्यंत उतारू राहू शकतात, आणि चष्मा कपाळावर सारून विचारले, "याहून लहान ग्रामपंचायती मी पाहिल्या आहेत. यांचा सरपंच कोण?" वैद्यांना भीती वाऱ्याची होती. अटलांटिकातील चक्रीवादळांचा मोसम 1 जूनला सुरू होऊन 30 नोव्हेंबरला संपतो, हे ऐकताच ते उद्गारले, "म्हणजे तिकडचा चातुर्मास आपल्याहून लांब, आणि मध्ये नारळी पौर्णिमेची सोयदेखील नाही!" आमच्या कोळीवाड्यात दर्याला नारळ अर्पण केला की तो शांत होतो, ही शेकडो वर्षांची व्यवस्था; तसा काही करार नसलेल्या समुद्रावर विश्वास टाकावा कसा, हा त्यांचा प्रश्न मला आजही निरुत्तर करणारा वाटतो.

शेठजी मात्र अढळ होते. त्यांच्या आजोबांचे मचवे पनवेल बंदरातून तांदूळ भरून मुंबईला जात, त्यामुळे समुद्र ही त्यांना घरचीच बाब वाटे. अव्वल कारकुनांनी त्यांना घाबरवण्यासाठी 1972 सालची हकीकत काढली: कार्निव्हल कंपनीची पहिली आगबोट 'मार्डी ग्रा' मोठ्या थाटात मियामीहून पहिल्याच सफरीस निघाली, आणि शेकडो प्रवासी-दलाल तिच्यावर पाहुणचार झोडीत असतानाच बंदराबाहेरच्या वाळूत रुतली. ही हकीकत ऐकून शेठजींचा धीर खचण्याऐवजी दुणावला. कारण रुतण्याच्या विद्येत त्यांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा अनुभव होता, आणि एवढ्या दूरच्या परमुलखात आपल्या ओळखीचे काहीतरी घडते, याचे त्यांना समाधान वाटले.

योजना मोडली ती वादळाने नव्हे, अंकगणिताने. मियामीहून निघायचे तर अमेरिकेचा व्हिसा हवा, आणि त्या अर्जात मागील पाच वर्षांत कोणकोणत्या देशांत गेला होता हा रकाना असतो; तो चौघांच्याही बाबतीत 'निरंक' भरताना अव्वल कारकुनांच्या मुद्रेवर जो प्रसाद पसरला, तो मी त्यांच्या निवृत्तीनंतर प्रथमच पाहिला. पुढे ज्या दलालाच्या दरपत्रकावर आम्ही महिनाभर मनोरे रचले होते, त्याच्या तळाशी, भिंग लावल्याखेरीज दिसू नये अशा टाइपात, एक तळटीप निघाली. तिच्या अन्वये तो आकडा मियामीच्या धक्क्यापासूनचा होता. पनवेल ते मियामी हा टप्पा उतारूने स्वतःच्या जबाबदारीवर, पोहून अथवा उडून, पार पाडावयाचा होता. निधीची शिल्लक त्या टप्प्याच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हती. तेव्हा मूळ ठरावात दुरुस्ती सुचवण्यात आली, आणि कॅरिबियन समुद्राच्या जागी अरबी समुद्र हे शब्द घालून मुंबई–गोवा–मुंबई अशी सफर एकमताने मंजूर झाली. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच तारखांना महड-पालीच्या गणपतींचा बेत ठरवला असल्याने त्यांची अनुमती विनासायास मिळाली.

येथे कोकणच्या जुन्या आगबोटींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भाऊच्या धक्क्यावरून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असे एकेक बंदर घेत जाणारी ती बोट, तिच्या डेकवर वळकटी पसरून बळकावलेली अडीच हात जागा, त्या जागेच्या चतुःसीमेवरून रात्रभर चालणारे तंटे, कोंबड्या, फणस, बोट लागलेली पोरे, आणि बंदर आले म्हणजे भर समुद्रात हेलकावणाऱ्या पडावात जीव मुठीत धरून मारलेली उडी, हे सारे माझ्या मामांनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की ती उडी मीच मारल्यासारखे वाटते. 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे अखंड धावू लागली, तेव्हा त्या मार्गावर पुन्हा कोणी बोटीची आठवण काढील असे वाटले नव्हते. पण मनुष्याची गंमत अशी की जे साधन निरुपयोगी ठरते तेच पुढे चैनीचे होते. विमाने आल्यावर अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठमोठ्या आगबोटी ओस पडल्या आणि त्यांच्याच धंद्याने मियामीला चैनीचा अवतार घेतला, तसेच आपल्याकडेही झाले. 2018 साली कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया' मुंबई-गोवा फिरू लागली, आणि 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस'. आम्ही या दुसरीवर चढलो.

अटल सेतूवरून बॅलार्ड पिअरला पोचताना, आपण समुद्रावर जाण्यासाठी समुद्रावरूनच मोटारीने जात आहोत, हे वैद्यांनी दोनदा निदर्शनास आणले. त्यांच्या पिशवीत सुंठ, आलेपाक, मोरावळा, लिंबाचे सरबत आणि चार निरनिराळी चूर्णे होती. 1872 पासून आयुर्वेदिक औषधांचा कारखाना चालवणाऱ्या गावचा वैद्य रिकाम्या हाताने समुद्रावर गेला असे होऊ नये, हा त्यांचा अभिमान. दुर्दैव असे की समुद्र त्या दिवसांत तव्याप्रमाणे सपाट होता, आणि अकरा मजल्यांच्या त्या अवाढव्य बोटीवर कोणालाही बोट लागेना. पहिल्या रात्री वैद्य वाट पाहत बसले; दुसऱ्या सकाळी ते जिन्या-जिन्यांतून रुग्णांच्या शोधार्थ हिंडले; आणि दुपारी, एका धडधाकट गुजराती कुटुंबास 'पुढे होऊ नये म्हणून' आलेपाक वाटून परत आले, तेव्हा त्यांच्या मुखावर व्यवसायातील खिन्नता स्पष्ट दिसत होती.

बोट सुटण्यापूर्वी आणीबाणीची कवायत झाली. 'टायटॅनिक' बुडाल्यानंतर राष्ट्राराष्ट्रांनी 1914 साली जो तहनामा केला, त्याच्या वंशातले हे नियम आहेत, अशी माहिती अव्वल कारकुनांनी आजूबाजूच्या उतारूंना न विचारता दिली आणि हजेरी नीट घेतली जात नाही का हे पाहण्यासाठी ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. ती नीटच घेतली जात होती, ही त्यांची निराशा. या प्रसंगी आम्ही थट्टा मात्र केली नाही. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. खाडीकाठच्या घरांत वाढलेल्या आमच्या पिढीला बोटीचे नाव काढताच आजीचा चेहरा कसा होई हे ठाऊक आहे.

धक्का मागे पडला, कुलाब्यापलीकडचा प्रॉंग्जचा दीपस्तंभ आला, आणि ज्यासाठी एवढा खर्च केला तो क्षितिजापर्यंतचा सागर समोर उघडा झाला असता आम्ही चौघेही उलट्या बाजूच्या कठड्याला ओणवून पूर्वेकडे पाहत होतो. कारण शेठजींना कर्नाळ्याचा सुळका दिसला होता. पूर्वीचे इंग्रज त्या डोंगराला फनेल हिल म्हणत, तेव्हा धुराड्यासारखा तो सुळका मुंबई बंदरातून दिसणे अशक्य नाही. परंतु शेठजी बोट दाखवीत होते ती वस्तू हळूहळू चालत असल्याने ते मालवाहू बोटीचे खरेखुरे धुराडे असावे असे माझे मत पडले. ते मी मांडले नाही. गाव सोडल्याबरोबर गाव दिसावे एवढीच त्यांची मागणी होती.

पुढील काळाबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे, कारण आपण समुद्रावर आहोत याचा उतारूस विसर पडावा, याच हेतूने ही बोट बांधलेली असते. तिच्यावर नाट्यगृह, दुकाने, पोहण्याचा तलाव आणि अखंड चालणारी भोजनशाळा आहे. जैन जेवणाचीही तजवीज आहे. समुद्राच्या मधोमध तलाव कशासाठी, असे वैद्यांनी विचारले असता अव्वल कारकून म्हणाले, "खालचा सरकारी आहे, हा खासगी." अरबी समुद्राच्या इतक्या जवळ राहून त्याच्याशी इतका कमी व्यवहार आम्ही पनवेलला असतानाही केला नव्हता.

मुरगावला बोट लागली. हिंदुस्थान गाठायला निघालेला कोलंबस 1492 साली वेस्ट इंडीजला उतरला, आणि वेस्ट इंडीज गाठायला निघालेले आम्ही मुरगावला, तेव्हा एक जुना हिशेब आज चुकता झाला, असा विचार माझ्या मनात येत होता. तोच अव्वल कारकून हातातला फोन उंच धरून धापा टाकीत आले. पुण्याच्या चिरंजीवांकडून त्यांनी आगबोटीचे जन्मटिपण मागवले होते. 'एम्प्रेस' ही 1990 साली फ्रान्सात सँ-नाझेर येथे बांधली गेली. तिचे पाळण्यातले नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. आणि हिंदुस्थानात येण्यापूर्वी उमेदीची कितीतरी वर्षे ती मियामीहून बहामा बेटांच्या फेऱ्या करीत होती, उतारवयात क्यूबातील हवानालाही गेली होती. आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. नंतर शेठजींनी बोटीच्या पांढऱ्या बाजूवर ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारण्यासाठी हात पुढे केला, पण मध्ये पाणी असल्याने तो परत घेतला.

परतल्यावर वडाळे तलावाकाठी भरलेल्या सभेत अव्वल कारकुनांनी ठराव मांडला की, सबब सदरहू आगबोट ही स्वतः कॅरिबियन मुलखातील दीर्घ वास्तव्याची असून तिच्यावर आम्ही यथाविधी मुक्काम केला आहे, तरी प्रस्तुत सफर दप्तरी कॅरिबियन म्हणून दाखल करून मूळ फाइल निकालात काढावी. वैद्यांनी भिन्नमत नोंदवले. त्यांचे म्हणणे असे की, हा न्याय मान्य केला तर पुण्याहून आलेल्या एस.टी.त पनवेलला चढून ठाण्याला उतरणाऱ्या प्रत्येकाने पुणे पाहिले असे धरावे लागेल. या आक्षेपावर बरीच भवति न भवति झाली. शेवटी भिन्नमताची नोंद घेऊन ठराव तीन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. आणि निधीतील शिल्लक रकमेतून यंदा पोपटी लावावी, की वैद्यांच्या न खपलेल्या आलेपाकाची भरपाई करावी, हा विषय वेळेअभावी पुढील सभेकडे वर्ग करण्यात आला.