हैदराबादच्या मंडईत वडशाचा मामा

दिवाळीचा फराळ संपला, की झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातली, माणसं झोपायची वेळ बदलतात. धान निघालेला असतो, गावोगाव मंडई भरते, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. नाटक म्हणजे अडीच तासांत आटोपून शेवटची लोकल गाठायचं नाटक नव्हे. रात्री दहाच्या पुढे कधीतरी पडदा वर जातो आणि उजाडायच्या सुमाराला खलनायकाला बेड्या पडतात. हे होळीपर्यंत चालतं. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, ही या धंद्याची राजधानी. कंपन्यांची बुकिंगची दुकानं तिथे आहेत आणि हंगामात त्या दुकानांत आमदारापेक्षा हीरोइनला जास्त मान असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्याच परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यातल्या माझ्या नातेवाइकांना झाडीपट्टी ही वनखात्याची योजना नाही हे कळलं.

माझा मित्र या राजधानीत ड्रेपरी, म्हणजे नाटकवाल्यांना भाड्याने पोशाख द्यायचं दुकान, चालवतो. वय माझ्याएवढंच, पण अख्खा वडसा त्याला मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. त्याचा सख्खा भाचा हैदराबादला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने एकदा फोनवरून मामाकडे काळी झूल शिवून मागितली. अंगभर, पायघोळ, खाली वटवाघळाच्या पंखासारखी कातरलेली.

“कोनत्या नाटकात काम करून रायला?” मामाने विचारलं.

“नाटक नाही मामा, कॉमिक कॉन. सगळे ड्रेस घालून येतात.”

“कंपनी कोनती?”

“कंपनी नाही.”

“मंग तिकीट कोन काढते?”

“जे ड्रेस घालतात तेच.”

मामा बराच वेळ गप्प बसला. त्याची उभी हयात नटांची उधारी वसूल करण्यात गेली आहे. नटानेच पैसे भरून आत यायचं, ही कल्पना त्याला झेपेना. “गुर्जी,” तो मला म्हणाला, “असा धंदा मले आधी काहून नाही सुचला?” आणि झूल हातोहात पोचवायच्या निमित्ताने आम्ही दोघं निघालो.

वडशाहून चांदा फोर्टला येणारी गाडी नागभीड, सिंदेवाही, मूल करत जंगलातून येते. मी चंद्रपूरचा, म्हणून मी तिथे सामील झालो आणि बल्लारपूरहून आम्ही दक्षिणेची गाडी धरली. मुंबईला अशी जत्रा भरते हे आम्हाला माहीत होतं. पण चंद्रपूरच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. दवाखान्यासाठी, लग्नाच्या साड्यांसाठी आणि आता बॅटमॅनसाठीही.

आपल्या देशात हे कॉमिक कॉन प्रकरण २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या दिल्ली हाटमध्ये सुरू झालं आणि मग एकेक शहर धरत गेलं. पण ड्रेस घालून जमण्याची खोड त्याहून जुनी. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन नावाचा तरुण भविष्यकाळातला पोशाख घालून आला. तो पोशाख शिवला होता त्याच्या मैत्रिणीने, मर्टल डग्लसने. ती स्वतःही तसाच पोशाख घालून आली होती. ही माहिती मी गाडीत मामाला दिली. त्याने अ‍ॅकरमनचं नावही लक्षात ठेवलं नाही. “म्हंजे शिवनारीनं सुरुवात केली,” एवढंच तो समाधानाने म्हणाला.

जत्रेच्या फाटकावर पिशव्या तपासत होते. आमच्या पुढे पाच फुटी तलवार घेतलेला मुलगा होता, त्याला सोडलं, कारण तलवार फोमची. मामाच्या पिशवीतून निघाली कात्री, सुया, काळा-पांढरा दोरा, सेफ्टी पिनांचा जुडगा, डिंकाची बाटली आणि खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. कात्री बाहेर राहिली आणि खर्राही. कात्रीचं त्याने मनाला लावून घेतलं नाही. खर्ऱ्यासाठी मात्र तो पहारेकऱ्याला, ही सुपारी किती वेळ घोटली आहे, ते हिंदीत सांगत राहिला. पहारेकऱ्याने शांतपणे डब्याकडे बोट दाखवलं. गडचिरोलीत एवढी वर्षं व्यसनमुक्तीवाले जे सांगत आले, ते या पोराने एका बोटाने करून दाखवलं.

आत हजारो माणसं आणि त्यातली निम्मी तरी माणसांसारखी दिसत नव्हती. निळी कातडी, हिरवे केस, पाठीवर पंख, डोक्यावर शिंगं. मी पोरांच्या तोंडी ऐकलेली नावं आठवून कोण कोण ते ओळखायचा प्रयत्न करत होतो. मामाला नावांशी काही देणंघेणं नव्हतं. तो शिवण बघत होता. “तो लाल वाला पाहा, बाही उलटी लावली हाये.” “हा पट्टा पाहिला का? रेक्झिन आहे, दोन खेपेत फाटते.” एका लोखंडी योद्ध्याच्या छातीवर त्याने सरळ टिचकी मारली. टण्ण आवाज यायचा, तो आलाच नाही. मामाचा चेहरा पडला, मग उजळला. चिलखत फोमचं होतं. व्यायामाची चटई असते ना, तसल्या फोमचं. ते कातरायचं, गरम हवेच्या झोताने वाकवायचं, वरून रंगाचे थर द्यायचे. योद्धा बिचारा कौतुकाने सांगत होता आणि मामा खर्डेघाशी करावी तशी तिकिटाच्या पाठीवर टिपून घेत होता. फोम किती मिलिमीटर, कुठल्या बाजारात, भाव काय. त्याच्याकडची चिलखतं पत्र्याची. ती घालून नटाला बसता येत नाही आणि हंगामाच्या शेवटी गंज नटाच्या अंगावर उतरतो.

तेवढ्यात एका मुलीचा डावा पंख निखळला. ती रडवेली झाली, कारण थोड्याच वेळात तिला स्पर्धेला मंचावर जायचं होतं. मामा पुढे झाला. “बेटा, हलना नहीं.” त्याने सुईत दुहेरी दोरा ओवला, टोकाला गाठ मारून ती दातांनी दाबली, पंखाच्या सांध्याखाली कापडाचा तुकडा घातला म्हणजे फोम टाक्याने फाटणार नाही, आणि आडवा-उभा टाका घालत पंख पट्ट्याला बांधला. कात्री नव्हतीच, दोरा दातांनीच तोडला. मग पंख धरून दोनदा जोरात ओढून पाहिला. आमच्याकडे मारामारीच्या प्रवेशाआधी तो असंच बघतो. मुलगी म्हणाली, “थँक्यू अंकल, आप कहाँ से हो?” “वडसा.” तिला वाटलं, हे कुठल्यातरी कथामालिकेतलं राज्य असावं. कुठल्या मालिकेतलं, म्हणून तिने विचारलंसुद्धा.

मग काय, मामाभोवती रांग लागली. सुटलेली शेपटी, उसवलेला पायमोजा, एका चेटकिणीच्या टोपीचं टोक. दुरुस्ती चालू असताना पोरं बोलत होती. तुमच्याकडे सर्वांत जास्त मागणी कुठल्या पात्राला? मामाने क्षणभरही विचार केला नाही. “इन्स्पेक्टर.” सामाजिक नाटक कुठलंही असो, शेवटच्या प्रवेशात इन्स्पेक्टर लागतोच, आणि एकाच रात्री चार गावांत चार नाटकं असली की मामाच्या खाकी वर्दीसाठी वाद होतात.

त्यातल्याच एका अंतराळवीराला मामाने लाडबोरीची गोष्ट सांगितली. २०२२ चा गुढीपाडवा, दोन एप्रिल. संध्याकाळी आकाशातून जळते तुकडे पळताना अर्ध्या महाराष्ट्राने पाहिले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भली मोठी रिंग येऊन पडली, आत माणूस आडवा झोपेल एवढी. जवळच्या पवनपारला धातूचा गोळा सापडला. सगळं उचलून सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात ठेवलं. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असं अभ्यासकांनी सांगितलं. अंतराळवीर आपलं पुठ्ठ्याचं शिरस्त्राण काढून ऐकत होता. “सच्ची में, अंकल?” “थाने में जमा था,” मामा म्हणाला. ठाण्याचा दाखला दिला की आमच्याकडे गोष्ट खरी ठरते.

मीही अगदीच गप्प नव्हतो. हवा भरलेला डायनासोर घालून एक मुलगा फिरत होता, आतला पंखा घरघरत होता. मी विज्ञानाचा मास्तर; मला राहवेना. त्याला थांबवून सांगितलं, की बाबा रे, तुझा हा टी-रेक्स अमेरिकेतला. आमच्या वरोरा तालुक्यात पिजदुरा नावाचं गाव आहे, तिथे डायनासोरची दगड झालेली लीद मिळते. तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि डायनासोर गवतही खात होते हे २००५ साली जगाला कळलं. पुढच्या अभ्यासात भाताच्या कुळातल्या गवताचेही अंश निघाले. म्हणजे धानपट्ट्यातला आद्य खादाड तोच. डायनासोरच्या पोटातून आवाज आला, “हां अंकल,” आणि तो दुडुदुडु निघून गेला. वर्गातही माझं असंच होतं.

पुस्तकांच्या दुकानांत कॉमिक्सचे ढीग होते. मराठी काही दिसलं नाही, दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. पण वेष बदलण्यात मराठी विज्ञानकथा मागे नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं, की हे जगताप म्हणजे आपली आद्याक्षरं उलटी करून आलेले जयंत विष्णु नारळीकर. हा किस्सा मी मामाला सांगितला. तो म्हणाला, “ड्रेपरीचा खर्च वाचवला.”

पंख आणि शिंगांवाल्या प्राण्यांची चित्रं मात्र मी फार वेळ बघितली नाहीत. ज्याचं शहर गोंडराजाच्या कोटात वसलं आहे आणि ज्याच्या वेशीवर हत्तीला खाली दाबणारा सिंह कोरला आहे, त्याला त्यांचं अप्रूप कमी. चंद्रपूर वसलं तेच मुळी सशाने कुत्र्याचा पाठलाग केला ती जागा पाहून, अशी दंतकथा आहे. एवढ्या कल्पनारम्य पायावर उभ्या शहरात आम्ही औष्णिक केंद्राची राख पुसत राहतो.

संध्याकाळी स्पर्धा झाली. एकेक जण मंचावर येई, हत्यार उगारून उभा राही, टाळ्या, आणि खाली. मामाची पंखवाली पोरगी आली, गर्रकन फिरली, पंख जागचा हलला नाही. मामाने शिट्टी वाजवली. पण एकंदरीत तो नाराज होता. “येवढा ड्रेस घातला, आन् एकबी वाक्य नाही?” आमच्याकडे चहाचा कप घेऊन येणाऱ्या गड्यालासुद्धा एक संवाद असतो, आणि तो संवाद प्रेक्षक पाठ म्हणतात. भाचा काळी झूल पांघरून आमच्याजवळच उभा होता. त्याने समजावलं, की मामा, इथे लोक बघायला येत नाहीत, स्वतः ते पात्र व्हायला येतात.

हे मला पटलं, आणि मला वाटतं फरक तेवढाच आहे. झाडीपट्टीत तीन-चार हजार माणसं घोंगडी पांघरून पंधरा नटांकडे रात्रभर बघतात. इथे सगळेच नट, प्रेक्षक औषधालाही नाही. त्या दिवशी त्या अख्ख्या जत्रेत खरा प्रेक्षक एकच होता, तो माझ्या शेजारी खर्ऱ्यावाचून जांभया देत बसला होता, आणि म्हणूनच पोरं त्याला सोडत नव्हती. कोणीतरी आपला टाका न् टाका बघतंय, यासारखं सुख नटाला दुसरं नाही.

मामाने यंदा फोमची चिलखतं केली. नटांनी आधी नाक मुरडलं, वजन नाही तर राजा कसला म्हणून. पौषात उघड्या मैदानावर पहाटेच्या प्रवेशाला उभं राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पत्रा गारठतो आणि फोम ऊब धरतो. आता सेनापतीचं काम करणाराही विंगेत राजाचं चिलखत मागतो.

कोणाला अशा जत्रेला जायचं असेल तर जरूर जा, सुई-दोरा न्या, खर्रा घरी ठेवा. आणि आमची मंडई बघायला आलात नि अंगावर काही चढवावंसं वाटलं, तर मामाचं दुकान वडशात कोणीही दाखवेल. राजा, यम, राक्षस, काय हवं ते भाड्याने मिळेल. इन्स्पेक्टर मागू नका, तो होळीपर्यंत बुक आहे.