कुणाला कळू नये असा खर्च

मध्यमवर्गीय मराठी माणूस खर्च करतो तो चारचौघांनी बघावा म्हणून, आणि कुणी विचारलंच तर ‘कसलं काय हो, सेलमध्ये मिळाली’ असं म्हणता यावं म्हणून. फ्लॅट घेतला की वास्तुशांत होते, गाडी घेतली की पेढे वाटले जातात, पैठणी घेतली की हॉलमध्ये पदर सावरायचं काम दिवसभर चालतं. कुणाच्या नजरेत न भरलेला खर्च आपल्याकडे बुडीत खात्यात जमा होतो. चेहऱ्यात टोचून घ्यायच्या फिलरचं मात्र सगळं उलटं. काम चांगलं झालं तर ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि लक्षात आलं तर समजावं की बिघडलं. हजारो रुपये मोजायचे आणि वर देवाला सांगायचं, बाबा रे, कुणाला कळू देऊ नकोस.

माझ्या धाकट्या जावेने हा खर्च करायचं ठरवलं. लेकीचं लग्न माघात होतं. साखरपुड्याच्या फोटोंत आपण फार दमलेल्या दिसतो, असं तिला वाटलं होतं. तरुण दिसायची हाव तिला नव्हती. झोप झालेल्या बाईसारखं दिसायचं होतं, एवढंच. मुलीच्या लग्नाची तयारी करणाऱ्या बाईला खरी झोप मिळणं शक्य नसल्याने तिने ती सुईतून घ्यायचं ठरवलं, आणि मार्गशीर्षात मला गाठलं. “ताई, तुम्ही बरोबर चला. ह्यांना सांगितलंय, दाताच्या डॉक्टरांकडे जातोय म्हणून.”

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या लेकींएवढ्या. त्यांनी आधी बोटॉक्स आणि फिलर यांतला फरक सांगितला, कारण बहुतेक बायका एकाचं नाव घेऊन दुसरं मागतात. कपाळावर आठ्या घालणाऱ्या स्नायूला बोटॉक्स काही महिने गप्प बसवतं. फिलर कुणालाच गप्प बसवत नाही. गाल बसले असतील, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडली असेल, तिथे ते कातडीखालून नुसती भर घालतं. आठ्यांचं मूळ घरातल्या माणसांत असतं, त्यावर त्यांच्याकडे औषध नव्हतं.

जाऊ खुर्चीवर आडवी व्हायला निघाली, तर त्यांनी तिला ताठ बसवलं. माणूस आडवा झाला की गाल कानांकडे सरकतात आणि खड्डे आपोआप कमी दिसतात, म्हणून खुणा बसवूनच करायच्या असतात. “म्हणजे लग्नात मी आडवीच पडून राहिले तर एवढा खर्च वाचेल?” जावेने विचारलं. डॉक्टर हसल्या, पण पांढरी पेन्सिल थांबली नाही. गालाच्या हाडावर दोन ठिपके, ओठांच्या बाजूला तिरक्या रेघा, डोळ्यांखाली एक बारीक कमान. मग खोक्यातून सिरिंज निघाली. आत काचेसारखी स्वच्छ जेली, बरोबर 1 मिलिलिटर. चहाच्या चमच्यात अशा पाच मावतील. एका सिरिंजेची किंमत ऐकून जाऊ मला हळूच म्हणाली, “ताई, केशर बरं म्हणायचं की!”

सुई टोचायच्या आधी तिने खरा प्रश्न काढला. “डॉक्टर, माझे मार्गशीर्षातले गुरुवार आहेत. हे शाकाहारी आहे ना?”

प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. 1981 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं फिलर गाईच्या कातड्यातल्या कोलॅजेनचं होतं. ते सोसतं की नाही हे आधी हातावर टोचून पाहावं लागे, आणि एवढं करून तीन-चार महिन्यांत विरून जाई. आजच्या जेलीतलं हायलुरॉनिक अ‍ॅसिड 1934 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी प्रथम वेगळं काढलं, तेही गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरातून. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायला लागले. म्हणजे एके काळी बाईच्या गालावरचा तजेला कोंबड्याच्या डोक्यावरून येत असे. आता बहुतेक ठिकाणी ते जिवाणूंकडून आंबवून घेतात. “म्हणजे दह्यासारखंच,” असं म्हणून जावेने गुरुवारांचा प्रश्न मिटवला आणि गाल पुढे केला.

हे अ‍ॅसिड मुळात आपल्या अंगातलंच. सत्तर किलोच्या माणसात ते सुमारे 15 ग्रॅम असतं आणि त्यातला तिसरा हिस्सा शरीर रोज मोडून नव्याने घडवतं. मग बाहेरून घातलेलं सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकतं कसं? तर जेली करताना त्याचे धागे रसायनाने एकमेकांत अडकवलेले असतात. शरीराला ती गाठ सोडवायला वेळ लागतो, इतकंच. शेवटी शरीर ती सोडवतंच. दर वर्षी नूतनीकरण करावं लागणाऱ्या या खर्चाला विमा कंपन्या अजून हात लावत नाहीत, यात त्यांचा शहाणपणा दिसतो.

आपण आज टोचून घेतोय हे आपलं भाग्यच म्हणायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या सर्जनने पॅराफिन, म्हणजे मेणबत्तीचं मेण, पातळ करून टोचायची टूम काढली आणि ती युरोपभर पसरली. ग्लॅडिस डीकन ही त्या काळातली नावाजलेली सुंदरी. ग्रीक पुतळ्यांचं सरळ नाक तिला हवं होतं, म्हणून तिने नाकाच्या मुळाशी पॅराफिन भरून घेतलं. ते तिथे थांबलं नाही. सरकत सरकत हनुवटीकडे उतरलं. 1921 मध्ये मार्लबरोच्या ड्यूकशी लग्न होऊन ती डचेस झाली, पण मेण काही जागेवर परत गेलं नाही.

चेहरा उतरतो तेव्हा आपण कातडीला दोष देतो. खरं तर कातडी बिचारी वरची. तिच्याखाली चरबीच्या वेगवेगळ्या गाद्या असतात, त्या वयाबरोबर आक्रसतात आणि खाली घसरतात. त्याखालचं हाडही झिजतं, डोळ्यांच्या खोबण्या रुंदावतात, जबडा मागे जातो. दात पडले की तर काही विचारूच नका. माझी आजी रात्री कवळी वाटीत काढून ठेवायची तेव्हा तिचे ओठ आत ओढले जायचे आणि ती एकदम पणजी दिसायची. सकाळी कवळी चढली की आजी परत. गालांना आतून भर देणारी आमच्या घराण्यातली ती पहिली वस्तू. तिला कुणी ‘म्हातारपणी काय हे नखरे’ म्हटल्याचं मला आठवत नाही. मग जावेला तरी मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

सुरकुत्यांना मान आहे तो रंगभूमीवर. 23 डिसेंबर 1970 ला ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा डॉ. श्रीराम लागू 43 वर्षांचे होते. कान-नाक-घशाची डॉक्टरकी मागे टाकून आलेल्या या माणसाने अप्पासाहेब बेलवलकरांचं सगळं म्हातारपण अंगावर घेतलं आणि लोक ढसाढसा रडले. तेच लोक नाट्यगृहाबाहेर आले, की समोर भेटलेल्या मैत्रिणीला म्हणतात, “अगं, किती खराब झालीस! डोळे बघ कसे आत गेलेत. बरं नाही का?” क्लिनिकमध्ये बायकांना धाडतात त्या जाहिराती असं आपण समजतो. माझ्या मते निम्मं काम मावशा आणि आत्या करतात.

त्या दिवशी जावेच्या गालावर सूज आली, डोळ्याखाली निळसर डाग पडला. दीर म्हणाले, “अक्कलदाढ काढली वाटतं!” थाप अशी आपल्या पायावर उभी राहिल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. लग्नापर्यंत सगळं निवळलं. हॉलमध्ये तिच्या मामी तिचा चेहरा कुरवाळत म्हणाल्या, “लेक चांगल्या घरी चाललीय, सुटल्यासारखं वाटत असेल ना? तोंडावर दिसतंय.” पैसे वसूल झाले म्हणून जाऊ माझ्याकडे बघून हसली. तेवढ्यात आत्याबाई आल्या. “किती गं वाळलीस! फार दगदग झाली वाटतं.”

तेव्हा ज्यांना फिलर घ्यायचं असेल त्यांनी खुशाल घ्यावं. नवऱ्यापासून लपवावं, नणंदेपासून लपवावं, पण डॉक्टरांना काही विचारायचं बाकी ठेवू नये. ही जेली चुकून रक्तवाहिनीत गेली तर तिथला रक्तपुरवठा बंद पडतो, कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. टोचल्यावर कातडी पांढरीफटक पडली, असह्य दुखलं किंवा अंधुक दिसायला लागलं, तर उद्यावर ढकलू नये. हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जेली विरघळवणारं हायलुरॉनिडेझ नावाचं औषध असतं. ते हाताशी ठेवणाऱ्या आणि वापरता येणाऱ्या डॉक्टरांकडेच जावं. भुवया कोरता कोरता स्वस्तात गालही भरून देतो म्हणणाऱ्या पार्लरमधून सरळ चप्पल घालून बाहेर पडावं.

आणि ज्यांना घ्यायचं नाही, त्यांना एकच विनंती. पुढच्या लग्नात कुणी भेटलं तर त्यांच्या चेहऱ्याबद्दल बरं-वाईट काही बोलू नका. मठ्ठ्याबद्दल बोला, जिलबीबद्दल बोला. कित्येकांचे हजारो रुपये वाचतील.