तब्येतीसाठी थोडी

महाराष्ट्रात दारूबंदी आहे. हसू नका. १९४९ सालचा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि प्यायचं तर परवाना लागतो. तो मिळतो ‘प्रकृती सांभाळण्यासाठी’. म्हणजे घाटकोपर स्टेशनाबाहेर संध्याकाळी वाईन शॉपच्या जाळीला जी गर्दी लोंबकळते, ती कायद्याच्या लेखी औषधाला आलेली माणसं. परवाना एका दिवसाचा पाच रुपयांत, जन्मभराचा हजारात. लोकलचा पास तीन महिन्यांचा काढू की सहा, म्हणून आठवडाभर घोळ घालणारा बोरिवलीकर इथे बेधडक जन्मभराचा काढतो. (काढला तर. मागतं कोण?)

ही प्रकृती तिजोरीची. जून २०२५मध्ये भारतीय बनावटीच्या स्वस्त विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं आणि वर्षाला चौदा हजार कोटी जादा येतील असा अंदाज निघाला. सरकारी योजनेतल्या लाडक्या बहिणीला दरमहा १५०० रुपये द्यायचे तर लाडक्या भावोजींनी कंबर कसायलाच हवी. देशीची क्वार्टर ८० रुपयांना. १५०० रुपयांत अठरा बसतात, वर चखण्याला साठ उरतात. भांडुपच्या टेकडीवर बहिणीच्या खात्यात आलेले पैसे भावोजी रात्री काढून घेतात आणि त्यातला सरकारचा वाटा इमानदारीने सरकारला पोचवतात. इतकी चोख वसुली प्राप्तिकर खात्यालाही जमलेली नाही.

अर्थसंकल्पात याची जमेची बाजू छापतात. खर्चाची बाजू बहीण सांभाळते: चार घरची पोळीभाजी, पोराची थकलेली फी, गहाण पडलेलं मंगळसूत्र, भावोजींचे खाडे आणि सायन हॉस्पिटलच्या रांगेतलं त्यांचं लिव्हर. हे सारं बिनपगारी, त्यामुळे राज्याच्या उत्पन्नात धरत नाहीत.

सरकार काळजीही घेतं: सोसायटीच्या गाळ्यात नवं दारूचं दुकान काढायला आता सोसायटीची एनओसी लागेल, असं मार्च २०२५मध्ये विधानसभेत जाहीर झालं. अंधेरीतल्या सोसायट्या बॅचलर भाडेकरूला एनओसी देत नाहीत, तेव्हा त्यांची चिंता नाही. टेकडीवर सोसायटीच नाही.

भाव वाढला म्हणून भावोजी सुटतात थोडेच? ते एक पायरी खाली उतरतात. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलवाली दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं मेली. ती दारू स्वस्त होती, कारण तिच्यात सरकारचा वाटा नव्हता. मृतांच्या वारसांना एकेक लाख जाहीर झाले, तेव्हा काय तो तिजोरीला त्या दारूचा पत्ता लागला.